स्कॅन मधे, मजकूर उजवीकडे: क्यूटीमध्ये कप्प्यांची खिडकी कशी बांधायची

जुन्या मराठी पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान टंकलेल्या मजकुराशी ताडून पाहायचं, तर दोन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर लागतात. विकिस्रोतावर मुद्रितशोधन करणाऱ्यांना ही मांडणी ओळखीची आहे: एका बाजूला पानाचं चित्र, शेजारी मजकूर. तेच काम संगणकावरच्या स्वतंत्र ॲप्लिकेशनमध्ये करायचं, म्हणजे खिडकीचे कप्पे पाडायचे आणि मधला दुभाजक माउसने सरकवता येईल असं करायचं. दुभाजक सरकवण्याचं काम क्यूटी, म्हणजे खिडक्या, बटणं असे तयार भाग देणारा कोडसंग्रह, आयतं करून देतं. तुमच्याकडे उरतो तो एकच प्रश्न, जागा कमी-जास्त झाली की कोणत्या कप्प्याने किती सोडायची आणि किती घ्यायची. तो नीट सोडवला नाही, तर ॲप्लिकेशन तुमच्या मोठ्या स्क्रीनवर छान दिसतं आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर अडकून बसतं.

इथे पायथन आणि पायसाइड ६ घेतलं आहे. ही क्यूटीची अधिकृत पायथन जोडणी आहे आणि एलजीपीएल परवान्याखाली मिळते. पायक्यूटी ६ मध्येही वर्गांची नावं तीच आहेत, पण त्याचा परवाना जीपीएल (तुमचा कोडही खुला ठेवायला लावणारा) किंवा विकतचा आहे, हे काम पुढे विकायचं असेल तर लक्षात ठेवा. वर्गांची आणि फंक्शनांची नावं लेखात देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमनमध्ये लिहायची: वर्गाचं नाव मोठ्या क्यूने सुरू होतं आणि त्यापुढचा प्रत्येक शब्दही मोठ्या अक्षराने, फंक्शनाचा पहिला शब्द लहान अक्षराने आणि पुढचे मोठ्याने.

काय बांधायचं ते आधी कागदावर

वही घ्या आणि आयत काढा. डावीकडे पानांची यादी, मधे स्कॅन, उजवीकडे वर मजकूर आणि त्याखाली शेरे लिहायची जागा. म्हणजे आडवे तीन भाग आणि तिसऱ्याचे पुन्हा उभे दोन. आता प्रत्येक कप्प्यापुढे तीन गोष्टी लिहा: कमीत कमी किती रुंदी लागते, खिडकी मोठी केली तर हा कप्पा वाढायला हवा का, आणि तो पूर्ण मिटवायची परवानगी आहे का.

आपल्या उदाहरणात यादीला किमान १४० पिक्सेल, स्कॅनला ३०० आणि मजकुराला ३२०. बेरीज ७६०. यादी वाढायला नको, पानांचे क्रमांक वाचायला जास्त रुंदी कशाला? स्कॅन आणि मजकूर दोन्ही वाढायला हवेत. यादी आणि शेरे लपवता आले तर बरं. स्कॅन आणि मजकूर कधीच लपता कामा नयेत. एवढं कागदावर आलं की पुढचा बराचसा कोड या तक्त्यावरूनच लिहिला जातो.

पायरी १: चौकट

प्रकल्पासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, त्यात पिपने पायसाइड ६ बसवा. क्यूमेनविंडोपासून स्वतःचा वर्ग काढा. त्याच्या आत एक क्यूस्प्लिटर (दुभाजकांनी कप्पे पाडणारा घटक) बनवा, दिशा हॉरिझाँटल द्या आणि सेटसेंट्रलविजेटने तो खिडकीच्या मध्यभागी बसवा.

इथे दिशेचा घोळ हमखास होतो. क्यूटीमध्ये हॉरिझाँटल म्हणजे कप्पे शेजारी शेजारी, मग दुभाजकाची पट्टी उभी दिसली तरी. जावाच्या स्विंगमध्येही तसंच आहे. विंडोज फॉर्म्समधल्या स्प्लिटकंटेनरमध्ये मात्र दिशा पट्टीची मोजतात, त्यामुळे तिथे शेजारी शेजारी कप्प्यांना व्हर्टिकल म्हणतात. तिकडून येणाऱ्यांचे कप्पे पहिल्या दिवशी एकाखाली एक पडतात ते यामुळेच.

दुसरा फरक जास्त कामाचा. स्विंगचा जेस्प्लिटपेन आणि जीटीकेचा पेन्ड दोनच कप्पे सांभाळतात. तिसरा हवा तर एकात दुसरा घालावा लागतो. क्यूस्प्लिटरमध्ये एका दिशेला हवे तितके कप्पे घालता येतात. म्हणून आपले आडवे तीन भाग एकाच स्प्लिटरमध्ये ठेवायचे आणि दुसरा स्प्लिटर फक्त उजव्या उभ्या विभागणीसाठी वापरायचा.

पायरी २: कप्पे भरणे

यादीसाठी क्यूलिस्टविजेट, स्कॅनसाठी क्यूग्राफिक्सव्ह्यू, मजकूर आणि शेरे यांच्यासाठी दोन क्यूप्लेनटेक्स्टएडिट. आधी आतला, व्हर्टिकल दिशेचा स्प्लिटर बनवा आणि त्यात मजकूर व शेरे ॲडविजेटने घाला. मग बाहेरच्या स्प्लिटरमध्ये क्रमाने यादी, स्कॅन आणि हा आतला स्प्लिटर घाला. ज्या क्रमाने घालाल तोच क्रम डावीकडून उजवीकडे दिसतो आणि त्यांचे अनुक्रमांक ०, १, २ होतात. आतला स्प्लिटर हासुद्धा एक विजेटच, म्हणजे खिडकीतला एक घटकच, आहे, त्याला वेगळी वागणूक लागत नाही.

स्प्लिटरला लेआउट देऊ नका. एखाद्या कप्प्यात यादीच्या वर शोधाची चौकट हवी असेल, तर साधा क्यूविजेट घ्या, त्याला उभा लेआउट द्या, दोन्ही गोष्टी त्यात ठेवा आणि तो क्यूविजेट स्प्लिटरमध्ये घाला. असं केलं की त्या कप्प्याभोवती रिकामी कड दिसू लागते, कारण लेआउटला मूळचा समास असतो. सेटकंटेंट्समार्जिन्सला चारही बाजूंनी ० द्या, कड जाते.

आणखी एक. एखादं विजेट बनवतानाच त्याचा पालक म्हणून स्प्लिटर दिलात, तर ते आपोआप नवा कप्पा बनून बसतं. कुठून आला कळत नाही असा रिकामा कप्पा दिसला, तर आधी हेच तपासा.

पायरी ३: स्कॅनच्या कप्प्यात होणारी चूक

शिकवणाऱ्या लेखांमध्ये चित्र दाखवायला क्यूलेबल वापरतात. छोट्या चिन्हाला ते ठीक आहे, स्कॅनला नाही. ए४ पान ३०० डीपीआयने स्कॅन केलं की चित्र २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं होतं. क्यूलेबलमध्ये ते ठेवलं, की लेबल आपली किमान रुंदी २४८० आहे असं स्प्लिटरला सांगतं. मग दुभाजक कितीही ओढा, तो हलत नाही आणि सगळी खिडकी स्क्रीनच्या बाहेर जाते. बिघाड स्प्लिटरमध्ये दिसतो, पण त्याचं मूळ लेबलात असतं.

यावर नवशिके एक तोड काढतात: आकार बदलला की चित्र लेबलाच्या मापाचं करून पुन्हा लेबलात घालायचं. तेव्हा खिडकी मोठी होते पण लहान होत नाही, कारण मोठं झालेलं चित्र हीच नवी किमान रुंदी ठरते. क्यूग्राफिक्सव्ह्यू हा प्रश्नच येऊ देत नाही. त्याची किमान रुंदी आतल्या चित्राच्या मापावर ठरत नाही, चित्र मोठं असेल तर तो सरकपट्ट्या दाखवतो.

मुद्रितशोधनात पूर्ण पान दिसण्यापेक्षा ओळीची पूर्ण रुंदी दिसणं महत्त्वाचं. म्हणून व्ह्यूचा स्वतःचा वर्ग काढा आणि त्याच्या रिसाइझइव्हेंटमध्ये, म्हणजे आकार बदलला की चालणाऱ्या फंक्शनात, मूळ फंक्शन बोलावून झाल्यावर हे करा: व्ह्यूपोर्टची (चित्र दिसतं त्या भागाची) रुंदी भागिले चित्राची रुंदी म्हणजे मोजपट्टी, रिसेटट्रान्सफॉर्म, मग स्केलला आडवी आणि उभी दोन्हीकडे तीच मोजपट्टी. आडवी सरकपट्टी कायमची बंद ठेवा आणि उभी कायमची चालू. उभी पट्टी गरजेप्रमाणे येऊ-जाऊ दिलीत, तर ती आली की रुंदी कमी होते, चित्र लहान होतं, पट्टी नको होते, ती गेली की रुंदी वाढते, आणि चक्र सुरू होतं. चित्र थरथरताना दिसतं ते यामुळे.

मोजपट्टी बसवण्याचं काम स्प्लिटरच्या स्प्लिटरमूव्ह्ड या सिग्नलला (काही घडलं की विजेट देतं त्या इशाऱ्याला) जोडू नका. तो सिग्नल वापरणाऱ्याने दुभाजक ओढला तरच येतो. खिडकी मोठी केली किंवा कोडमधून आकार बदलले, तर येत नाही.

शिवाय व्ह्यूला स्मूदपिक्समॅपट्रान्सफॉर्म ही रेंडर सूचना द्याच. मूळ मांडणीत स्कॅनच्या कप्प्याला ५२४ पिक्सेल मिळणार आहेत, म्हणजे पान जवळपास पाचव्या हिश्शाने दिसणार. स्कॅनमध्ये अनुस्वाराचा ठिपका पाचसहा पिक्सेलचा असेल तर तो एका पिक्सेलवर येतो. ही सूचना नसताना जवळचा एक पिक्सेल उचलून बाकीचे टाकले जातात. त्यात ठिपका कधी राहतो, कधी गायब होतो आणि ‘मंद’ चा ‘मद’ वाचला जातो. सूचना दिली की ठिपका फिकट का होईना, टिकण्याची शक्यता बरीच वाढते. मुद्रितशोधनाच्या साधनात ठिपका खाणारा कप्पा चालणार नाही. नेमकं पाहायला कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवलं की चित्र मोठं व्हावं, अशीही सोय ठेवा.

पायरी ४: जागेची वाटणी

यादी आणि मजकूर या दोन्ही विजेटांचा मूळचा सुचवलेला आकार २५६ गुणिले १९२ असतो. काहीच सांगितलं नाही तर स्प्लिटर त्यावरूनच वाटणी करतो आणि पानांच्या यादीला विनाकारण मोठा हिस्सा जातो. म्हणून आकार आपण द्यायचे.

खिडकीला १२८० गुणिले ७०० द्या. १३६६ गुणिले ७६८ चे लॅपटॉप अजून पुष्कळ वापरात आहेत; उंची ८०० दिलीत तर खालची पट्टी टास्कबारमागे जाते. दुभाजकाची जाडी सेटहँडलविड्थने ६ करा. काही शैलींमध्ये ती इतकी बारीक असते की ती ओढायची गोष्ट आहे हेच कळत नाही. दोन दुभाजकांचे १२ वजा करता १२६८ उरतात. सेटसाइझेसला २२०, ५२४, ५२४ अशी यादी द्या. बेरीज चुकली तरी काही मोडत नाही, कमी-जास्त जागा क्यूटी त्याच प्रमाणात वाटून टाकतं. यादीत कप्प्यांइतकेच आकडे हवेत, एवढं पाहा. खिडकी दिसण्याआधी साइझेस विचारून त्या आकड्यांवर पुढचं गणित करू नका, ते खरे नसतात.

आता वाढीचं. सेटस्ट्रेचफॅक्टरने यादीला ०, स्कॅनला १ आणि उजव्या स्प्लिटरला १ द्या. खिडकी मोठी केली की यादी २२० वरच राहते आणि बाकीचे दोघे आपापसातलं प्रमाण राखून वाढतात. कोणालाच काही दिलं नाही, तर तिन्ही वाढतात. हा आकडा म्हणजे रुंदीचं गुणोत्तर नव्हे. ३ आणि १ दिल्याने कप्पे तीनास एक होत नाहीत, कारण तो आकडा विजेटाच्या सुरुवातीच्या आकाराने गुणला जातो. व्यवहारात ० की १ एवढाच निर्णय यातून घ्या आणि नेमकी वाटणी सेटसाइझेसवर सोडा.

आतल्या स्प्लिटरमध्ये मजकुराला १ आणि शेऱ्यांना ०, सुरुवातीचे आकार ५४० आणि १२०. शेरे दोनतीन ओळींचेच असतात.

किमान रुंदी पिक्सेलमध्ये लिहिणं ही तात्पुरती सोय झाली. मजकुराच्या कप्प्याची रुंदी फाँटवरून काढलेली बरी, कारण वापरणारा अक्षर मोठं करणारच. इथे इंग्रजीसाठीची युक्ती, म्हणजे एका अक्षराची सरासरी रुंदी गुणिले ४०, मराठीला लागू पडत नाही. ‘क्षत्रिय’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण संगणकाच्या मोजणीत त्यात ८ चिन्हं आहेत: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व इकार, य. चिन्हं मोजून रुंदी काढली तर ती भलतीच मोठी येते. त्यापेक्षा पुस्तकातलीच एक मध्यम लांबीची ओळ घ्या, फाँटमेट्रिक्सच्या हॉरिझाँटलॲडव्हान्स फंक्शनाला ती पूर्ण द्या आणि आलेल्या रुंदीच्या निम्मी किमान रुंदी ठेवा. फाँट बदलला की हा हिशोब पुन्हा करा.

सगळ्या किमान रुंद्यांची बेरीज हीच खिडकीचीही किमान रुंदी होते. प्रत्येक कप्प्याला उदारपणे ५०० दिलेत, तर खिडकी १५०० च्या खाली येणारच नाही.

पायरी ५: मिटणारे कप्पे

क्यूस्प्लिटरमध्ये प्रत्येक कप्पा मुळातच मिटणारा असतो. किमान रुंदीपर्यंत दुभाजक आणून आणखी रेटला की कप्पा एकदम शून्य होतो. सराईत माणसाला हे सोयीचं वाटतं. नव्याला वाटतं, मजकूर पुसला गेला. दुभाजक खिडकीच्या कडेला चिकटलेला असतो आणि तिथून तो परत ओढायचा असतो, हे कोणी सांगितल्याशिवाय सुचत नाही.

माझा सल्ला: सेटचिल्ड्रनकोलॅप्सिबलला फॉल्स देऊन ओढून मिटणं दोन्ही स्प्लिटरमध्ये पूर्ण बंद करा, आणि यादी व शेरे लपवायला ‘दृश्य’ मेनूत टिक लागणारे दोन पर्याय द्या. पर्यायाचा टॉगल्ड सिग्नल त्या विजेटाच्या सेटव्हिजिबलला जोडला की झालं. लपवलेल्या कप्प्याची जागा शेजारी घेतात आणि तो परत दाखवला की आपल्या जागी येतो. दोन्ही मार्ग एकत्र ठेवले तर गोंधळ होतो: ओढून शून्य केलेला कप्पा क्यूटीच्या लेखी दिसताच असतो, इजव्हिजिबल हो म्हणतं, मेनूत टिक तशीच राहते आणि स्क्रीनवर काही नसतं. ओढून मिटणं ठेवायचंच असेल, तर साइझेसमध्ये तिथे ० आहे का ते पाहून टिक ठरवा.

पायरी ६: मांडणी जपून ठेवणे

रोज चार तास पानं तपासणाऱ्याने दुभाजक स्वतःच्या डोळ्यांना सोयीचे लावलेले असतात. ॲप्लिकेशन बंद करून उघडलं की ते तिथेच सापडले पाहिजेत. सुरुवातीलाच क्यूॲप्लिकेशनला संस्थेचं आणि ॲप्लिकेशनचं नाव द्या, म्हणजे क्यूसेटिंग्जला कुठे लिहायचं ते कळतं. विंडोजवर हे रजिस्ट्रीत जातं, लिनक्सवर घरच्या फोल्डरातल्या कॉन्फिग फोल्डरात. खिडकीच्या क्लोजइव्हेंटमध्ये चार गोष्टी जपा: खिडकीची सेव्हजॉमेट्री (तिचा आकार आणि जागा), बाहेरच्या स्प्लिटरची सेव्हस्टेट, आतल्याची वेगळी सेव्हस्टेट, आणि कोणते कप्पे लपवलेले आहेत ते. शेवटची गोष्ट हमखास राहते.

उघडताना आधी खिडकीची जॉमेट्री परत आणा, मग दोन्ही स्प्लिटरची स्थिती. उलट केलं तर स्प्लिटर आधी चुकीच्या रुंदीत बसतो आणि खिडकी बदलली की पुन्हा हलतो. पहिल्याच वेळी जपलेलं काही नसतं, तेव्हा सेटसाइझेसवालं मूळ माप लागू करा.

यात एक सापळा आहे, त्यात दिवस जातो. सेव्हस्टेट फक्त रुंद्या जपत नाही. दुभाजकाची जाडी, दिशा, मिटण्याची परवानगी आणि ओढताना कप्पे लगेच बदलायचे की नाही, हेही त्यात असतं. म्हणून कोडमध्ये जाडी ६ ची ८ केलीत आणि चालवून पाहिलंत, तर ६ च दिसते. रिस्टोअरस्टेटने जुनी जाडी परत आणलेली असते. रुंद्या सोडून बाकीच्या या गोष्टी रिस्टोअरस्टेटच्या नंतर लिहा. आणि पुढच्या आवृत्तीत नवा कप्पा जोडलात, तर जपून ठेवण्याच्या किल्लीचं नावही बदला, उदाहरणार्थ ‘मांडणी-१’ चं ‘मांडणी-२’. जुन्या यादीत तीनच आकडे आणि कप्पे चार, तर चौथ्याला जागा मिळेल याची खात्री नसते.

पायरी ७: ओढताना अडखळत असेल तर

मोठं चित्र दुभाजकाच्या दर पिक्सेलला नव्याने लहान-मोठं करून काढायचं म्हणजे जुन्या यंत्रावर दुभाजक माउसच्या मागे रेंगाळतो. दोन उपाय आहेत. सेटओपेकरिसाइझला फॉल्स दिलं की ओढताना फक्त एक रेघ सरकते आणि बोट उचललं की कप्पे बदलतात. दुसरा जास्त बरा: रिसाइझइव्हेंटमध्ये मोजपट्टी लगेच न बसवता, एकदाच वाजणारा क्यूटायमर १२० मिलिसेकंदांवर पुन्हा पुन्हा सुरू करा. हात थांबला की तो वाजतो आणि चित्र एकदाच बसतं.

पायरी ८: कळफलक

क्यूटीचा दुभाजक कळफलकाने हलवता येत नाही. स्विंगमध्ये एफ८ दाबून दुभाजकावर जाता येतं आणि बाणांनी तो सरकवता येतो. इथे ते आपण लिहायचं. माउस धरणं ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी हे आवश्यक आहे, आणि दिवसभर टंकणाऱ्यालाही हात उचलावा लागत नाही. एफ६ ने पुढच्या कप्प्यात जाणं ही विंडोजवरची रुळलेली कळ आहे, तीच ठेवा. दुभाजकासाठी आल्ट, शिफ्ट आणि बाण घ्या: साइझेस मागा, स्कॅनच्या आकड्यातून २० वजा करा, उजव्या कप्प्यात २० मिळवा, सेटसाइझेसला परत द्या. कंट्रोल-शिफ्ट-बाण वापरू नका, मजकुरात ती शब्द निवडण्याची कळ आहे. कंट्रोल-आल्ट-बाण काही लिनक्स डेस्कटॉपांवर कार्यक्षेत्र बदलते. मॅकवर आल्टच्या जागी ऑप्शन येते आणि ऑप्शन-शिफ्ट-बाण शब्द निवडते, तिथे दुसरी जोडी द्यावी लागेल.

दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

खिडकी कोपऱ्याला धरून होईल तितकी लहान करा. मजकुराची एक ओळ तरी वाचता यायला हवी. मग पूर्ण स्क्रीन करा. यादी २२० वरच आहे का पाहा. विंडोजमध्ये डिस्प्ले १५० टक्के करून पुन्हा उघडा. यादी लपवा, बंद करा, उघडा. ती लपलेलीच आहे आणि मेनूतली टिक गेलेली आहे, हे दोन्ही तपासा. जपलेली मांडणी पुसून टाका आणि पहिल्यांदा उघडणाऱ्याला काय दिसतं ते बघा. शेवटी जोडाक्षरांनी आणि अनुस्वारांनी भरलेलं एक पान उघडून, स्कॅनचा कप्पा ३०० वर आणून, त्यातल्या पाच ओळी मोठ्याने वाचा. जिथे अडखळाल तिथे स्कॅनची किमान रुंदी वाढवायची आहे.